आई ए, बाबा बी, मुलगा ओ

लग्नाच्या बायोडेटात रास, नक्षत्र, गण, नाडी यांच्या रांगेत ‘रक्तगट’ हा रकाना आता पक्का बसला आहे. तो कशासाठी, असं घरातल्या मोठ्यांना विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: नवरा-बायकोचा रक्तगट एक असेल तर मूल होत नाही, किंवा झालंच तर त्यात काही व्यंग निघतं. वर हेही ऐकवलं जातं की पूर्वजांनी एकनाड वर्ज्य सांगितली ती याचसाठी, नाडी म्हणजेच रक्तगट. ऐकायला शास्त्रीय वाटतं, पण यातलं एकही वाक्य खरं नाही.

नाडी ठरते जन्मनक्षत्रावरून. सत्तावीस नक्षत्रांची आद्य, मध्य आणि अंत्य अशा तीन नाड्यांत नऊ-नऊ अशी वाटणी केलेली असते, आणि चंद्र साधारण रोज एक नक्षत्र ओलांडतो. म्हणजे बाळंतपण एक दिवस लांबलं तरी बाळाची नाडी बदलू शकते. रक्तगट मात्र गर्भधारणेच्या क्षणीच ठरून गेलेला असतो. राहिला सारख्या गटाच्या जोडप्यांचा प्रश्न. भारतात ठोकळमानाने ओ गटाचे ३७ टक्के, बीचे ३२, एचे २३ आणि एबीचे ८ टक्के लोक आहेत. चिठ्ठ्या टाकून लग्नं जुळवली तरी दहातल्या जवळपास तीन जोड्या एकाच गटाच्या निघतील. या सगळ्यांच्या घरी पाळणा हलला नसता तर आपली लोकसंख्या आजच्याइतकी वाढलीच नसती.

या गैरसमजाने फार तर एखादं स्थळ हातचं जातं. दुसरा एक प्रश्न मात्र जास्त बोचरा आहे आणि तो मोठ्याने विचारला जात नाही. शाळेच्या ओळखपत्रासाठी मुलाचा रक्तगट तपासला जातो आणि तो ओ निघतो. आई ए, बाबा बी. मग हा ओ आला कुठून? बाळ दवाखान्यात बदललं का, इथपासून आईविषयीच्या कुजबुजीपर्यंत काहीही मनात येऊ शकतं. म्हणून उत्तर आधीच देऊन टाकतो: या जोडप्याला ओ गटाचं मूल होण्यात काहीही वावगं नाही. का नाही, ते कळायला जगाला जवळपास पाव शतक लागलं आणि त्याचं श्रेय बऱ्याच अंशी एका गणितज्ञाला आहे.

व्हिएन्नात कार्ल लँडस्टायनर यांनी १९०० च्या सुमाराला स्वतःचं आणि प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्यांचं रक्त घेऊन एकाच्या लाल पेशी दुसऱ्याच्या रक्तद्रवात मिसळून पाहिल्या. काही मिश्रणांत पेशींच्या गाठी झाल्या, काहींत नाही. त्यावरून त्यांनी १९०१ मध्ये तीन गट मांडले. चौथा, एबी, पुढच्याच वर्षी त्यांच्या सहकाऱ्यांना सापडला. या कामाबद्दल लँडस्टायनर यांना नोबेल मिळालं ते १९३० मध्ये. गट वंशपरंपरेने येतात हे १९१० मध्ये हायडेलबर्गला एमिल फॉन डुंगर्न आणि लुडविक हिर्शफेल्ड यांनी तिथल्या कुटुंबांचं रक्त तपासून दाखवलं. ए, बी, एबी, ओ ही नावं रूढ झाली ती त्यांच्यामुळे. पण ते नेमके कसे येतात, यात त्यांची चूक झाली.

त्यांना वाटलं, दोन वेगळ्या जनुकजोड्या आहेत. एका जोडीवर ए असणं-नसणं ठरतं, दुसरीवर बी असणं-नसणं, आणि दोहोंचा एकमेकांशी संबंध नाही. मेंडेलचे वाटाण्यांचे नियम तेव्हा ताजे होते आणि कुटुंबांची माहिती या कल्पनेत बऱ्यापैकी बसत होती. १९२४ मध्ये गॉटिंगेनचे गणितज्ञ फेलिक्स बर्नस्टाइन यांनी तिच्यातली खोट काढली, तीही प्रयोगशाळेत पाऊल न टाकता. त्यांच्या हातात जगभरातल्या लोकसमूहांचे आकडे होते. त्यांतला मोठा भाग हिर्शफेल्ड आणि त्यांची पत्नी हाना यांनीच पहिल्या महायुद्धात सालोनिकाच्या आघाडीवर जमवला होता. तिथे दोस्त राष्ट्रांच्या फौजा एकत्र आल्या होत्या, त्यांत हिंदुस्थानी शिपाईही होते. या शिपायांमध्ये बी गटाचं प्रमाण युरोपीय सैनिकांपेक्षा कितीतरी जास्त, ४० टक्क्यांच्या आसपास, निघालं. १९१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं.

बर्नस्टाइन यांचा युक्तिवाद आपल्या आजच्या आकड्यांवर लावून पाहण्यासारखा आहे, कारण तो कागद-पेन्सिलीने तपासता येतो. ए आणि बी खरंच स्वतंत्र असतील तर दोन्ही असलेल्यांचं प्रमाण हा साधा गुणाकार असायला हवा. भारतात ए असलेले, म्हणजे ए आणि एबी मिळून, ३१ टक्के. बी असलेले, म्हणजे बी आणि एबी मिळून, ४० टक्के. ३१ टक्क्यांचे ४० टक्के म्हणजे सव्वाबारा-साडेबारा टक्के. एबी गटाचे एवढे लोक असायला हवेत, पण आहेत फक्त ८. हा फरक जिथे पाहावं तिथे तसाच दिसत होता.

बर्नस्टाइन म्हणाले, जागा एकच आहे आणि तिथे बसू शकणारी जनुकरूपं तीन आहेत: ए, बी आणि ओ. प्रत्येकाला आईकडून एक आणि वडिलांकडून एक, अशी दोनच मिळतात. आता गणित पुन्हा मांडू. ओ गटाच्या माणसात दोन्ही रूपं ओ असली पाहिजेत. असे ३७ टक्के, म्हणजे ०.३७ चं वर्गमूळ, साधारण ०.६१. याचा अर्थ समाजातल्या सगळ्या रूपांपैकी ६१ टक्के ओ आहेत. त्याच रीतीने एचा वाटा १७ आणि बीचा २२ टक्क्यांच्या आसपास येतो. मग एबी गट किती? ०.१७ गुणिले ०.२२ गुणिले दोन, म्हणजे साडेसात टक्के. प्रत्यक्षातल्या आठाच्या अगदी जवळ. रक्ताचा एक थेंबही न तपासता आनुवंशिकतेचा नियम केवळ लोकसंख्येच्या आकड्यांतून निघावा, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

आता आपल्या ए-बी जोडप्याकडे येऊ. ए रूप सोबतीला ओ असलं तरी स्वतःला दाखवतं, बीसुद्धा तसंच. दोघं एकत्र आले तर दोघंही दिसतात, तोच एबी गट. ओ काहीच दाखवत नाही, म्हणून तो फक्त दोन ओ एकत्र आले की कळतो. तेव्हा ए गटाचा माणूस ए-ए असेल किंवा ए-ओ असेल. तपासणीत दोघांचं उत्तर सारखंच, ‘ए’. आई ए-ओ आणि बाबा बी-ओ असले तर प्रत्येक बाळंतपणात एबी, ए, बी आणि ओ या चारही गटांची शक्यता सारखी, चारात एक.

पण असे लपलेला ओ बाळगणारे लोक किती? वरचेच आकडे वापरले तर आपल्याकडे ए गटाच्या शंभरांपैकी ८८च्या आसपास लोक ए-ओ असतात आणि बी गटाच्या शंभरांतले ८५च्या आसपास बी-ओ. म्हणजे ए-ए किंवा बी-बी हाच अपवाद. तेव्हा ए आणि बीच्या घरी ओ जन्मला तर आश्चर्य करण्यासारखं काही नाही. रिपोर्टवरचं अक्षर रक्त काय दाखवतं ते सांगतं. अंगात काय दडलंय, ते त्या अक्षरावरून कळत नाही. या प्रकरणात मला सांगायचं आहे ते एवढंच. पुढचं सगळं याच वाक्याची उदाहरणं आहेत.

बाकीचे नियम यातूनच निघतात. दोघंही ओ, तर मुलं ओ. एक एबी आणि दुसरा ओ, तर मुलं ए किंवा बी. आईवडिलांपैकी एकासारखंही कुणी नाही, आणि तेच बरोबर. एबी पालकाला ओ मूल होत नाही, आणि ज्याचं बी आईवडिलांपैकी कुणाकडेच नाही असं बी मूलही जन्मत नाही. या शेवटच्या दोन नियमांवर न्यायालयांत खटले लढले गेले आहेत.

सगळ्यांत गाजलेला चार्ली चॅप्लिन यांचा. जोन बॅरी या अभिनेत्रीने आपल्या मुलीचे वडील चॅप्लिन आहेत असा दावा लॉस एंजेलिसमध्ये लावला. रक्त तपासलं गेलं: आई ए, मूल बी, चॅप्लिन ओ. मुलीचं बी आईकडून आलेलं नाही, तेव्हा ते वडिलांकडूनच यायला हवं, आणि ओ गटाच्या माणसाकडे बी असत नाही. डॉक्टरांनी एकमुखाने सांगितलं की हे वडील नव्हेत. तरीही कॅलिफोर्नियात तेव्हा अशी चाचणी निर्णायक मानायचं बंधन नव्हतं. पहिल्या ज्यूरीत एकमत झालं नाही, आणि १९४५ मध्ये दुसऱ्या ज्यूरीने पितृत्व चॅप्लिन यांच्याच माथी मारलं. मूल सज्ञान होईपर्यंत आठवड्याला ७५ डॉलर द्यायचा हुकूम झाला. कॅलिफोर्नियाने कायदा बदलला तो १९५३ मध्ये.

आता आरएच. रक्तगटापुढचं पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह हे पहिल्या गुणसूत्रावरच्या एका वेगळ्याच जनुकाचं काम आहे. ए-बी-ओचं जनुक नवव्या गुणसूत्रावर असतं. डी नावाचं प्रथिन लाल पेशीवर असलं की पॉझिटिव्ह, नसलं की निगेटिव्ह. इथेही एक मूक जोडीदार चालतो. भारतात निगेटिव्ह सुमारे ५ टक्केच, पण तेच गणित केलं तर पॉझिटिव्ह लोकांतला तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग एक निगेटिव्ह रूप घेऊन हिंडतो. म्हणून दोघंही पॉझिटिव्ह असताना निगेटिव्ह मूल होणं हीसुद्धा अगदी साधी गोष्ट आहे. उलट दोघं निगेटिव्ह असताना पॉझिटिव्ह मूल, हे मात्र डॉक्टरांना विचारावं असं.

बायोडेटातल्या त्या रकान्याला थोडाफार अर्थ असलाच तर तो इथे. बायको निगेटिव्ह आणि नवरा पॉझिटिव्ह असेल तर बाळ पॉझिटिव्ह असू शकतं. बाळंतपणात त्याच्या काही पेशी आईच्या रक्तात गेल्या की आईचं शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. पहिलं मूल बहुधा सुखरूप येतं. धोका पुढच्या पॉझिटिव्ह बाळाला असतो, कारण ती प्रतिपिंडं वारेतून जाऊन त्याच्या लाल पेशी फोडतात. १९६० च्या दशकाअखेरीपासून यावर अँटी-डीचं इंजेक्शन आहे. सातव्या महिन्याच्या सुमाराला एक आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत दुसरं. गर्भपात झाला तरीही ते घ्यायचं असतं, आणि नेमकं तेच राहून जातं. यासाठी स्थळ नाकारायची काहीही गरज नाही. प्रसूतितज्ज्ञाला पहिल्याच भेटीत गट सांगितला की झालं.

इथवरचे नियम पाठ करून कुणी नातं तपासायला बसेल, तर त्याला थांबवणारी गोष्ट आपल्याच मुंबईत घडली. १९५२ मध्ये परळच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉ. वाय. एम. भेंडे, डॉ. सी. के. देशपांडे आणि डॉ. एच. एम. भाटिया यांच्यासमोर काही विचित्र नमुने आले. त्यांतले दोन रुग्णांचे होते: एक अपघातात जखमी झालेला रेल्वे कर्मचारी, दुसरा सुऱ्याने भोसकलेला. तपासणीत गट ओ दिसत होता, पण ओ गटाच्या कुठल्याही पिशवीशी ते रक्त जुळेना. ओच्या पेशी घातल्या तरी गाठी होत. भेंडे आणि सहकाऱ्यांनी लंडनच्या रॉबर्ट रेस आणि रूथ सँगर, तसंच मॉर्गन आणि वॉटकिन्स यांच्याबरोबर हा शोध ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला. जगाच्या पाठ्यपुस्तकांत तो ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणून गेला.

याचं उत्तर समजायला रक्तगट म्हणजे मुळात काय ते पाहावं लागतं. लाल पेशीच्या पृष्ठभागावर शर्करांच्या साखळ्या असतात. साखळीच्या टोकाला एक विकर आधी फ्युकोज ही शर्करा जोडतं. ते झालं ‘एच’. ए जनुकाचं विकर त्या एचवर एक विशिष्ट शर्करा चढवतं, बी जनुकाचं विकर गॅलॅक्टोज चढवतं. ए आणि बीच्या विकरांत फरक किती, तर साडेतीनशेवर अमिनो आम्लांतल्या चारांचा. ओ जनुकात सर्वसाधारणपणे एक अक्षर गळालेलं असतं, त्यामुळे पुढचा सगळा मजकूर बिघडतो, विकर निकामी होतं आणि एच तसंच उघडं राहतं. एच ही भिंतीतली खुंटी, ए आणि बी त्यावर अडकवायच्या टोप्या. ओ म्हणजे नुसती खुंटी. बॉम्बे गटाच्या माणसाकडे खुंटीच नसते. मग खिशात ए किंवा बी टोपी असली तरी ती अडकवणार कुठे?

म्हणजे या माणसाची जनुकं एबी असली तरी तपासणीत तो ओच दिसणार. आणि त्याच्या शरीराने एच कधी पाहिलेलंच नसल्यामुळे त्याच्या रक्तद्रवात एचविरुद्धही प्रतिपिंडं असतात. सर्वांना चालतं म्हणून ज्याची ख्याती, ते ओ रक्तच त्याच्या जिवावर बेतू शकतं. त्याला फक्त दुसऱ्या बॉम्बे गटाच्या माणसाचं रक्त चालतं.

एच तयार करणारं जनुक एकोणिसाव्या गुणसूत्रावर, ए-बी-ओपासून पूर्ण वेगळं. ते आईवडील दोघांकडून बिघडलेलं आलं तरच माणूस बॉम्बे गटाचा होतो. एकच बिघडलेलं असेल तर काहीही कळत नाही. त्यामुळे दोघं एबी गटाचे पालक, ज्यांना ओ मूल ‘अशक्य’, त्यांच्या पोटीही ओ दिसणारं मूल येऊ शकतं. आणि पुढच्या पिढीत लपलेलं अक्षर पुन्हा वर येतं: १९५५ मध्ये फिलिप लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या अशाच एका कुटुंबाची नोंद केली. आई तपासणीत ओ, वडील ए, मूल एबी. आईकडे बी होतं, फक्त दिसत नव्हतं. मुलाला वडिलांकडून चांगलं एच मिळालं आणि बी दिसू लागलं. खरं तर चॅप्लिन यांच्या खटल्यात वादीच्या वकिलाला हा मुद्दा काढता आला असता, पण तेव्हा बॉम्बे गट सापडायचा होता. युरोपीय वंशात तो दहा लाखांत एखादाच, त्यामुळे डॉक्टरांचं म्हणणं बरोबर होतं असंच मी धरतो.

आपल्याकडे प्रमाण वेगळं आहे. भाटिया आणि साठे यांनी १९७४ मध्ये मुंबईसाठी ७,६०० त एक असा आकडा दिला. देशासाठी साधारण दहा हजारांत एक असं धरलं जातं. नात्यातली लग्नं नाहीत असं मानलं, तर दहा हजारांत एक या प्रमाणाचा अर्थ दर पन्नास माणसांमागे एक जण एचचं एक बिघडलेलं रूप वाहतो. नात्यात लग्न केलं की चित्र पालटतं. मामाच्या मुलीशी लग्न झालेल्या जोडप्याच्या मुलाला हा गट मिळण्याची शक्यता, याच हिशेबाने, सुमारे सात पट होते: दहा हजारांत एक ऐवजी चौदाशेत एकाच्या आसपास. कारण साधं आहे. आजी-आजोबांकडचं एकच बिघडलेलं रूप दोन वाटांनी त्याच मुलापर्यंत पोचू शकतं. बॉम्बे गटाचा माणूस आढळला की घराण्यातल्या लग्नांची चौकशी करतात, ती यासाठी.

दुसरा अपवाद चिमूटभर. क्वचित एकाच गुणसूत्रावरच्या जनुकाचं विकर ए आणि बी दोन्ही शर्करा चढवू शकतं. मग ते एका पालकाकडून जोडीनेच मुलाकडे जातं, आणि एबी आई व ओ बाबा यांना एबी मूल होतं. असं कुटुंब १९६४ मध्ये पोलंडमध्ये नोंदलं गेलं. कोरिया आणि जपानमध्ये हे तुलनेने जास्त दिसतं.

म्हणून रक्तगट फार तर ‘हे पालक नव्हेत’ एवढं सुचवू शकतो, तेही पूर्ण तपासणीनंतर. ‘हेच पालक’ असं तो कधीच सांगत नाही; ओ गटाचे बाबा देशात कोट्यवधी आहेत. सर्वोच्च न्यायालयानेही १९९३ मध्ये स्पष्ट केलं की पितृत्वाच्या वादात रक्तचाचणीचा आदेश ऊठसूट देता येणार नाही आणि कुणावर रक्त देण्याची सक्ती करता येणार नाही. खरोखरच प्रश्न निर्माण झाला तर आज डीएनए चाचणी आहे. ओळखपत्रावरच्या एका अक्षरावरून घरात खटला भरवू नये.

शिबिरात काचपट्टीवर दोन थेंब टाकून केलेली तपासणी बॉम्बे गटाला ओच म्हणते. रक्तपेढीत रक्तद्रवाची उलट तपासणी होते, तेव्हा ओच्या पेशींच्याही गाठी दिसतात आणि शंका येते; मग अँटी-एच लावून खात्री करतात. म्हणून शस्त्रक्रियेआधी ‘माझा ओ पॉझिटिव्ह आहे, मला माहीत आहे’ असं सांगून तपासणी टाळू नका. घरात कुणाचा गट बॉम्बे निघालाच, तर सख्ख्या भावंडांचं रक्त लगेच तपासून घ्या, कारण त्या प्रत्येकाची शक्यता चारात एक असते आणि जुळणारं रक्त मिळण्याची सर्वांत जवळची जागा तीच असते. मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातली राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्था, जी १९५७ मध्ये रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून सुरू झाली, दुर्मिळ गटांच्या दात्यांची नोंद ठेवते. तिथे आपलं नाव आणि चालू फोन नंबर नोंदवून ठेवा.